चांदवडचा डोंगर आणि मुरणारे पाणी : वृक्षलागवडीखालील ओलीविषयीच्या विचाराचा इतिहास

मुंबईहून आग्र्यास जाणारा मार्ग नाशिक सोडल्यानंतर सुमारे ६४ किलोमीटरांवर चांदवडास पोचतो आणि तेथून पुढे राहूडच्या घाटाने सातमाळ्याची रांग ओलांडून मालेगावच्या सपाटीकडे उतरतो. ही रांग दोन मोठ्या खोऱ्यांमधील पाणलोटाची सीमा होय. तिच्या उत्तर अंगावर पडलेला पाऊस गिरणेवाटे तापीस व अखेर अरबी समुद्रास मिळतो. दक्षिण अंगावरील पाऊस गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराकडे जातो. भूगोलाच्या पुस्तकांतून पाण्याच्या या दोन वाटांचा निर्देश हटकून येतो. डोंगराच्या पायथ्याशी विहीर खणून बसलेल्या शेतकऱ्याचा संबंध मात्र तिसऱ्याच वाटेशी असतो. जे पाणी नदीस न मिळता उतारावरच्या मातीत व मुरमात शिरते, तेच त्याच्या विहिरीत माघ-फाल्गुनापर्यंत टिकते. या उतारावर झाडे लावली असता ते पाणी वाढते की घटते, हा प्रश्न वरकरणी सोपा दिसतो. त्याचे उत्तर शोधण्यात पावणेदोनशे वर्षे गेली आहेत, आणि या काळात एकदा दिलेले उत्तर दोन वेळा फिरवावे लागले आहे.

नाशिक जिल्ह्यात पाऊस किती असमान पडतो हे सर्वविदित आहे. इगतपुरीस वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. चांदवड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने तेथे साधारणतः ५०० ते ६०० मिलिमीटरच हाती येतो. त्यातील बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि तोही मोजक्या सरींत पडतो. खाली बेसाल्ट खडक आहे. त्यावर डोंगरउतारास वीतभर ते हातभर जाडीची बरड माती व तिच्याखाली मुरूम, तर सखल भागात काळी जमीन, असा थर आढळतो. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकास उपयोगी पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी मावते. उतारावरील बरड माती त्याच्या चतुर्थांशही धरून ठेवीत नाही. शेतकऱ्याच्या बोलीत या अवस्थेसाठी ‘वाफसा’ हा अत्यंत नेमका शब्द आहे. जास्तीचे पाणी खाली झिरपून गेले आहे, माती चिखल राहिलेली नाही आणि कोरडीही पडलेली नाही, अशी ती स्थिती. मृदाशास्त्रात जिला क्षेत्रधारणक्षमता म्हणतात तिच्या अगदी निकटचा हा शब्द आहे. अमेरिकेत ब्रिग्ज व शान्ट्झ यांनी १९१२ मध्ये ओलीची दुसरी मर्यादा, म्हणजे जिच्याखाली रोप कोमेजून पुन्हा सावरत नाही तो बिंदू, प्रयोगांनी निश्चित करण्याचा यत्न केला. वाफसा आणि हा म्लानबिंदू यांच्यामध्ये जे काही पाणी असते, तेच झाडाच्या वाट्यास येते. वाफशापलीकडे जे उरते ते विहिरीचे.

जुन्या राज्यकर्त्यांनी या भूमीतील पाण्याचा स्वभाव ओळखला होता. चांदवड, राजधेर, इंद्राई, धोडप या किल्ल्यांवर पाणी साठविले आहे ते मातीत नव्हे, तर खडकात खोदलेल्या टाक्यांत. माथ्यावरची माती पाणी धरीत नाही हे तेथील पाथरवटांस सांगावे लागले नसेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावरील पाण्याविषयी तसेच आंबा-फणसादी झाडे मालकाच्या संमतीवाचून न तोडण्याविषयी जी आज्ञा आहे ती सर्वश्रुत आहे. तथापि त्या ग्रंथात झाडांचे मोल लाकूड, फळ व रयतेचे समाधान या दृष्टीने सांगितले आहे. झाडामुळे पाणी मुरते असा सिद्धांत त्यात मांडलेला नाही. होळकरांच्या अमलातील चांदवडाविषयीही हेच म्हणता येईल. अहिल्याबाईंच्या नावाशी निगडित असलेला तेथील रंगमहाल, आणि त्यांनी देशभर बांधविलेल्या विहिरी, बारवा व घाट, यांवरून पाण्याविषयीची जागृत दृष्टी प्रकट होते. परंतु त्या दृष्टीचा रोख साठवण व उपसा यांवर होता. डोंगर आणि विहीर यांना कार्यकारणाने जोडणारा विचार येथे नंतर आला, आणि तो आला तेव्हा सरकारी कागदपत्रांतून आला.

१८१८ मध्ये चांदवड इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यानंतर तीन दशकांनी, १८४७ साली, मुंबई इलाख्यात वनसंरक्षकाचे पद निर्माण होऊन त्यावर डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली. गिब्सन पेशाने शल्यवैद्य. दापुडीच्या वनस्पती-उद्यानाचे ते अधीक्षक होते. कोकणातील डोंगर उघडे पडल्याने खाड्या गाळाने भरतात व झरे आटतात असे त्यांचे निरीक्षण होते. त्याच सुमारास, १८४९ मध्ये, मद्रासेचे दुसरे शल्यवैद्य एडवर्ड बालफोर यांनी वृक्षांचा पर्जन्यावर व ओलीवर होणारा परिणाम या विषयावर टिपण प्रसिद्ध केले. १८५१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीनेही उष्ण प्रदेशांतील वनसंहाराचा विचार केला. या सर्व लेखनात दोन भिन्न विधाने एकत्र गुंफलेली आढळतात. जंगलामुळे पाऊस अधिक पडतो हे एक. पडलेला पाऊस जंगलामुळे जमिनीत अधिक मुरतो हे दुसरे. पहिले विधान आकर्षक असल्याने त्यावर वाद झडले व दुसरे त्याच्या आड दडून राहिले. पुढील अर्धशतकातील गोंधळाचे मूळ येथे आहे.

हवामानखात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लँफर्ड यांनी १८८७ मध्ये मध्यप्रांतातील आकडे पुढे करून, वनांस संरक्षण मिळाल्यानंतर तेथील पाऊस वाढला असे अनुमान मांडले. १८९६ व १८९९ च्या अवर्षणांनी त्या अनुमानाचा पाया ढासळला. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होलकर हे १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानात हिंडले व १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांचा भर मात्र व्यवहारावर होता. शेणाच्या गोवऱ्या जळू नयेत म्हणून सरपण हवे, आणि सरपणासाठी गावोगावी सरपण-चाऱ्याची राखीव राने हवीत, हे त्यांचे सूत्र. अखेर हिंदुस्थान सरकारने प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागविली व तिचा निष्कर्ष हिल यांच्या १९१६ च्या टिपणात, वनखात्याच्या ३३ व्या पत्रिकेत, आला. जंगलाने पाऊस वाढतो याचा निर्णायक पुरावा मिळाला नव्हता. मातीतील ओलीविषयी तर मोजमापेच तुरळक होती. अधिकाऱ्यांनी पाठविली ती बहुतांशी मते होती.

या सरकारी चर्चेस समांतर असा एक देशी विचार होता व तो मराठीत होता, हे वनेतिहासाच्या अभ्यासकांकडून पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात डोंगरावरील पालापाचोळ्याचे सत्त्व पावसाबरोबर वाहत येऊन शेतात पडत असे, याचा उल्लेख आहे. वनखात्याने गायराने व डोंगर आपल्याकडे घेतल्याने शेतकऱ्याच्या गुरांची व जमिनीची जी हानी झाली तिच्यावर त्यांनी कठोर टीका केली. तसेच ठिकठिकाणी ताली व बंधारे घालून पावसाचे पाणी प्रथम शेतांतून मुरावे व मगच नदीनाल्यास मिळावे, आणि हे काम सरकारने आपल्या शिपाई-पलटणींकडून करून घ्यावे, असेही त्यांनी सुचविले. गिब्सनच्या परंपरेत डोंगर हा राखण्याचा, म्हणजे लोकांपासून राखण्याचा, विषय होता. फुल्यांच्या विचारात डोंगर व शेत हे एकाच पाणलोटाचे दोन भाग होते व मुरण्याची क्रिया मध्यवर्ती होती. त्यांनी वृक्षाच्या मुळांचा हिशेब केला नाही हे खरे. परंतु पाऊस वाढविण्याच्या स्वप्नात न गुंतता पडलेला पाऊस अडविण्याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्या दशकातील सरकारी अहवालांपेक्षा ही भूमिका अधिक शास्त्रशुद्ध होती, असे आज मागे वळून पाहता म्हणावे लागते.

ओलीचे प्रत्यक्ष मोजमाप प्रथम झाले ते दूर, रशियाच्या गवताळ सपाटीवर. १८९१ च्या भीषण अवर्षणानंतर दोकुचायेव यांच्या नेतृत्वाखाली जी शास्त्रीय मोहीम १८९२ मध्ये निघाली, तिच्यात व्हिसोत्स्की नावाचे तरुण वनशास्त्रज्ञ होते. आज युक्रेनमध्ये असलेल्या वेलिको-अनादोल येथील लागवडीखाली त्यांनी वर्षानुवर्षे गिरमिटाने माती काढून तिची ओल तपासली. पावसाने व वितळत्या बर्फाने वरचा थर भिजतो. त्याखाली एक थर असा असतो की जेथवर वरचे पाणी पोचत नाही आणि जेथील होते-नव्हते ते पाणी मुळांनी शोषून घेतलेले असते. हा थर कायम कोरडा राहतो. व्हिसोत्स्कींनी त्यास ‘मृत’ थर म्हटले. त्याच दशकात ओतोत्स्की यांना जंगलाखालील भूजलाची पातळी शेजारच्या उघड्या मैदानापेक्षा खोल आढळली. जंगल सपाटीस शुष्क करते व डोंगरास ओलावा देते, असे व्हिसोत्स्कींच्या मताचे सार सांगता येईल. जंगल म्हणजे पाण्याचा स्पंज ही लोकप्रिय उपमा या गिरमिटाच्या टोकाशी येऊन अडखळली. मात्र हिलच्या टिपणापर्यंतच्या हिंदुस्थानातील चर्चेवर या कामाचा म्हणावा तसा ठसा उमटलेला दिसत नाही.

दख्खनेत मातीतील ओलीचे पद्धतशीर मापन झाले ते झाडांखाली नव्हे, ज्वारीखाली. मांजरी येथे १९२३ पासून व सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे जे संशोधन झाले त्याचा परिपाक कानिटकरांच्या १९४४ मधील ग्रंथात पाहावयास मिळतो. किती पाऊस वाहून जातो, किती मुरतो, बांध घातल्याने किती फरक पडतो, याची उत्तरे या कामाने दिली. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर समतल बांधबंदिस्तीस जो वेग आला त्याच्या पाठीशी हे ज्ञान होते. वनखाते व कृषिखाते यांच्या हद्दी निराळ्या असल्याने बांधाच्या वर, डोंगरावर, काय घडते हे कोणी मोजावयाचे हा प्रश्न अनिर्णित राहिला. डोंगर एका खात्याचा, शेत दुसऱ्याचे, आणि विहीर कोणाचीच नव्हे, अशी ही विभागणी होती. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली तेव्हा विहिरीसही खाते मिळाले.

या यंत्रणेच्या कामातून व पुढे भूजल अनुमान समितीच्या निकषांतून जे आकडे रूढ झाले ते चांदवडच्या प्रश्नावर थेट प्रकाश टाकतात. समितीच्या १९९७ च्या निकषांनुसार झिजलेल्या बेसाल्टच्या प्रदेशात पावसाच्या सुमारे ७ टक्के, तर सच्छिद्र व सांधे असलेल्या बेसाल्टमध्ये सुमारे १३ टक्के पाणी भूजलास मिळते असे धरले जाते. ५५० मिलिमीटर पाऊस गृहीत धरला तर पहिल्या प्रकारच्या जमिनीत भूजलाचा वाटा सुमारे ३८ मिलिमीटर होतो. या अल्प आकड्यावर सारा प्रश्न टांगलेला आहे. एखाद्या लागवडीने गवताच्या तुलनेत वर्षाकाठी केवळ ४० मिलिमीटर अधिक पाणी ओढले व मुरण्यात काही भर घातली नाही, तर विहिरीचा वाटा शून्यावर येतो. उलट, बोडक्या उतारावरून वाहून जाणाऱ्या पाण्यापैकी तेवढेच पाणी अधिक मुरविले, तर तो दुप्पट होतो. ३००० मिलिमीटरांच्या इगतपुरीस ४० मिलिमीटरांची उणीव जाणवणारही नाही.

पाण्याचा हा हिशेब चार टप्प्यांत पाहता येतो. सर कोसळते तेव्हा तिचा काही भाग पानांवरच अडतो व तेथूनच वाफ होऊन उडून जातो. दोन-तीन मिलिमीटरांची भुरभुर दाट छत्राखाली जमिनीपर्यंत येतच नाही. हंगामभरात पावसाच्या दहा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत अशी वजावट होऊ शकते. उरलेले पाणी पानांतून ठिबकत व खोडावरून ओघळत खाली येते. तेथे पालापाचोळा असेल तर थेंबांचा मारा मातीवर होत नाही, पापुद्रा धरत नाही, आणि मुळांनी व कृमिकीटकांनी केलेल्या वाटांनी पाणी आत शिरते. पाचोळा झाडून नेला, किंवा गुरांच्या खुरांनी माती घट्ट झाली, तर झाड असूनही पाणी वाहून जाते. सर्व टीकाकारांनी झाडाच्या जातीवर जेवढी शाई खर्च केली त्याच्या निम्मी जरी झाडाखालच्या पाचोळ्यावर केली असती तरी बरे झाले असते. चौथा टप्पा निर्णायक आहे. गवताची मुळे वरच्या हात-दीड हातातील ओल संपवून आश्विन-कार्तिकात थांबतात. खोल मुळांचे सदाहरित झाड वैशाखापर्यंत खालच्या थरांतून पाणी ओढीत राहते. त्यामुळे मृगाचा पाऊस आला की गवताखालच्या मातीस थोडकेच देणे फेडावयाचे असते, तर झाडाखालच्या मातीवर आठ महिन्यांची उधारी चढलेली असते. ती पुरती फिटून सर्व थर वाफशावर आल्याखेरीज एक थेंबही पुढे विहिरीकडे जात नाही. पाऊस बरा झाला तर हस्तापर्यंत ही फेड होते. कमी झाला तर बाकी पुढील सालात ओढली जाते.

ही उधारीची कल्पना किती खरी आहे हे नीलगिरीच्या प्रकरणाने दाखविले. १९८२ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते झाले. त्याच दशकात चांदवडास लागून असलेल्या निफाड भागात विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी नीलगिरीची लागवड मोठ्या प्रमाणावर केली व नाशिक जिल्ह्यातील नीलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. लाकडास बाजार मिळवून देणारा, मजुरीची टंचाई सोसणारा व कर्जाच्या पिकातून सुटका देणारा हा उद्योग होता. त्यास केवळ पाण्याचा अपव्यय म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. त्याच सुमारास कर्नाटकात मात्र रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी नीलगिरीची रोपे उपटली. दोन्ही बाजूंस ठाम मते होती आणि मापने नव्हती. ती झाली १९८० च्या दशकाच्या अखेरीस, कर्नाटकातच. काल्डर, हॉल व प्रसन्न यांच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात न्यूट्रॉन-शोधकाने केलेल्या ओलीच्या नोंदी आहेत. सुमारे तीन मीटर खोल जमिनीवर कोवळ्या नीलगिरीचा पाणीवापर तेथील नैसर्गिक शुष्क पानझडी जंगलापेक्षा अधिक भरला नाही. दोन्हींचा वापर जवळजवळ वर्षाच्या पावसाइतका होता. नाचणीच्या शेतापेक्षा तो सुमारे दुप्पट होता. होसकोटेजवळील आठ मीटरपर्यंत खोल जमिनीवर तर लागवडीने पडलेल्या पावसाहून अधिक पाणी वापरले, म्हणजे मुळे जसजशी खाली गेली तसतशी पूर्वीच्या वर्षांची साठलेली ओलही उपसली गेली. व्हिसोत्स्कींचा मृत थर शंभर वर्षांनी दख्खनच्या पठारावर पुन्हा भेटला. उदकमंडलम येथे जोडपाणलोटांच्या निरीक्षणात नीलगिरीच्या पहिल्या फेरीत पाण्याचे उत्पन्न १६ टक्क्यांनी घटले, व तोडीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यांच्या दुसऱ्या फेरीत घट २५ टक्क्यांपर्यंत गेली. जगभरातील ९४ पाणलोटांचा बॉश व ह्युलेट यांनी १९८२ मध्ये घेतलेला आढावाही याच दिशेचा होता.

येथे जुने उत्तर पुरते उलटले असे वाटते. पण ते आणखी एकदा फिरले. जोडपाणलोटांचे बहुतेक प्रयोग चांगल्या, पाणी शोषणाऱ्या जमिनीवर झाले होते; तेथे झाडामुळे मुरण्यात भर पडण्यास वावच नव्हता. खुरांनी तुडविलेल्या, धूप झालेल्या जमिनीची गोष्ट निराळी आहे. मुरण्यात झालेली वाढ एका पारड्यात व बाष्पोत्सर्जनात झालेली वाढ दुसऱ्यात घालून निव्वळ लाभ पाहावा, अशी मांडणी डच जलशास्त्रज्ञ ब्रुइन्झील यांनी २००४ च्या आपल्या आढाव्यात केली. उत्तर कन्नड जिल्ह्यातील पाणलोटांवर कृष्णस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामाने तिला पुष्टी दिली. मात्र तो प्रदेश भरपूर पावसाचा आहे. चांदवडास अधिक जवळचा दाखला आफ्रिकेतील बुर्किना फासोचा. तेथील सापोने गावाच्या शेतांत विखुरलेल्या झाडांखाली इल्स्टेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मापनांत, २०१६ मध्ये, भूजलभरण सर्वाधिक आढळले ते झाडे अजिबात नसलेल्या जागी नव्हे व दाट झाडीखालीही नव्हे, तर मध्यम विरळ झाडीत. झाडाच्या खोडापासून काही अंतरापर्यंत मातीची शोषणशक्ती सुधारते. ती सुधारणा पदरात पडते व पाण्याचा उपसा मर्यादित राहतो. आंबा, चिंच, लिंब, बाभूळ बांधावर व शेतात विरळ राखण्याची नाशिक-खानदेशची जुनी पद्धत या निष्कर्षाशी मिळतीजुळती आहे. तिचा हेतू जलभरणाचा नव्हता, एवढे ध्यानात ठेवून हा दाखला घ्यावा.

महाराष्ट्रातील डोंगरांवर गेल्या काही दशकांत रूढ झालेली पद्धत म्हणजे सलग समतल चर व त्यांच्या कडेने लागवड. साधारणतः ६० सेंटीमीटर रुंद व ३० सेंटीमीटर खोल असा चर घेतला तर त्याच्या दर मीटर लांबीत १८० लिटर पाणी थांबते. वरच्या पट्ट्याचा वाहता पाऊस या अरुंद पट्ट्यात एकवटत असल्याने चराखालील मुरमास प्रत्यक्ष पावसाच्या कित्येक पट पाणी मिळते व ते मुळांच्या टप्प्यापलीकडे उतरू शकते. म्हणूनच चर खोदल्यानंतरच्या पहिल्या काही पावसाळ्यांत पायथ्याच्या विहिरी सुधारतात. हे श्रेय रोपांस दिले जाते. वस्तुतः त्या वयात रोपे फारसे पाणी पीत नाहीत आणि फारसे मुरवीतही नाहीत, काम चराचे असते. पुढे चर गाळाने भरतात, झाडांची छत्रे मिळतात, मुळे मुरमाच्या सांध्यांत शिरतात, आणि हिशेबाचे पारडे हलू लागते. राज्याने २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची जी मोहीम चालविली तिचे २०१९ चे उद्दिष्ट ३३ कोटी झाडांचे होते. अशा मोहिमांत रोपे किती जगली याची टक्केवारी ठेवली जाते. त्याच उतारांखालच्या निरीक्षण-विहिरींची पातळी भूजल यंत्रणा वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे व पावसाळा सरल्यानंतर, मोजते. ऑक्टोबरच्या नोंदीत चराचे काम दिसते आणि मेच्या नोंदीत मुळांचे; लागवडीच्या पंधराव्या-विसाव्या वर्षी या दोन नोंदींतील अंतर वाढते की घटते, यावर सातमाळ्याच्या कोणत्या उतारावर साळई-धावड्यासारखी पानझडी झाडे ठेवावयाची, कोठे नुसते गवत राखावयाचे आणि कोठे दर पाच वर्षांनी चराचा गाळ काढावयाचा, हे ठरवावे लागते.